गाणाऱ्यांची पंगत

नागपूर शहरात गाणे ऐकण्याची सोय आज जितकी आहे तितकी पूर्वी कधीही नव्हती, आणि गाणे गाण्याची जागा आज जितकी आक्रसली आहे तितकी तीही पूर्वी कधी आक्रसली नव्हती. ही दोन विधाने प्रथमदर्शनी परस्परविरुद्ध वाटली तरी ती एकाच वस्तुस्थितीची दोन अंगे आहेत, असे मला दीर्घ काळापासून वाटत आले आहे. सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या नावाचे सभागृह आहे, आणि ज्या वसंतरावांनी बालवयात याच शहरी शंकरराव सप्रे यांच्यापाशी बसून गाण्याचे धडे घेतले त्यांचे नाव तेथे असणे सर्वस्वी उचित आहे. रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट यांच्या नावाचे त्याहून प्रशस्त सभागृह उभे राहिले आहे. आणि १९४८ साली येथे नभोवाणीचे केंद्र सुरू झाले तेव्हापासून, हातातल्या मोबाइलवर जगातला कोणताही गायक हव्या त्या घटकेस हजर होऊ लागला तेथपर्यंत, श्रवणाची साधने उत्तरोत्तर वाढतच गेली. या वाढीविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही. परंतु याच काळात सामान्य माणसाच्या घरातून त्याचा स्वतःचा आवाज हळूहळू निघून गेला, आणि तो गेल्याची नोंद कोणी घेतली नाही, याची मात्र खंत आहे.

ज्या घरात जात्यावर ओवी होती, पाळण्याशी अंगाई होती, मंगळागौरीला रात्रभर फेर होता आणि संध्याकाळी देवापुढे परवचा होता, त्या घरातील कोणासही आपल्याला गाता येते की नाही हा प्रश्न पडत नसे. गाणे हे अंगी असलेल्या कौशल्यापेक्षा त्या त्या कामाचा आणि त्या त्या वेळेचा भाग होते. आज त्याच घरातील नातवंडे, कोणी दोन ओळी म्हणावयास सांगितले तर, ‘मला गाता येत नाही’ असे सांगून मोकळी होतात. आणि हे उत्तर लाजेचे नसून एखाद्या निकालपत्रासारखे अंतिम असते. गणपतीची आरतीदेखील कित्येक घरांत ध्वनिमुद्रित लावली जाते व घरची माणसे तिच्यावर टाळ्यांचा ठेका तेवढा धरतात. उत्तम गाण्याची इतकी मुबलकता झाली की बऱ्या गाण्यास, किंबहुना साध्या गाण्यास, घरातही मुभा उरली नाही.

या प्रश्नाचा विचार करू लागलो की माझे मन प्रथम भुलाबाईकडे वळते. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा म्हणून जे प्रसिद्ध आहे त्याचे हे विदर्भ-खानदेशातील रूप, परंतु त्याची मांडणी स्वतंत्र आहे. भाद्रपदी पौर्णिमेस मातीची भुलाबाई आणि तिच्याशेजारी भुलोजी अशी जोडी घरोघर बसते, तिच्यावर ज्वारीच्या धांड्यांचे मखर उभारतात, आणि आश्विनी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कोजागिरीपर्यंत, मोहल्ल्यातील मुली दररोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन एकीच्या घरून दुसरीच्या घरी जातात आणि प्रत्येक घरी तीच गाणी म्हणतात. महाल भागातल्या चितार ओळीत गणपतीचे दिवस सरल्यावर या जोड्या मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. रंग साधा, नाक-डोळे जाड कुंचल्याने काढलेले, आणि तरीही मुलीच्या हाती जोडी देताना विकणारी बाई ती पदराने पुसून देते.

गाणी झाली की खिरापत येते. ज्या घरी भुलाबाई असेल त्या घराने ती करावयाची, परंतु ती उघडी आणावयाची नाही. झाकण लावलेला डबा मुलींच्या पुढे येतो, घरातील मुलगी तो कानाशी धरून हलवते, आत खुळखुळते की धप्पकन आदळते यावरून अंदाज बांधले जातात, गोड की तिखट एवढा एकच सुगावा विचारण्याची मुभा असते, आणि मग लाडू, करंजी, शेव, चिवडा, भिजवलेली डाळ, उकडलेल्या शेंगा अशी नावांची फैर झडते. कोणालाही ओळखता आली नाही म्हणजे त्या घराचा मान राहिला.

या एका दस्तुरात केवढे शहाणपण साठवलेले आहे याचा विचार आपण क्वचितच करतो. एका घरी साजूक तुपातला मोतीचूर होण्याची ऐपत असेल आणि दुसऱ्या घरी मूठभर मुरमुरे आणि गुळाचा खडा यांवर भागवावे लागत असेल. खिरापत उघडी वाटली असती तर पहिल्याच संध्याकाळी मोहल्ल्याची प्रतवारी मुलींच्या ध्यानात आली असती आणि गरीब घरच्या मुलीने दुसऱ्या वर्षी भुलाबाई बसवण्याचे नाव काढले नसते. परंतु मान पदार्थाच्या किमतीस नाही, तो न ओळखला जाण्यास आहे, असे एकदा ठरले की मोतीचुराचा लाडू हा सर्वांत दुर्बळ पक्ष ठरतो, कारण तो पहिल्या दमात ओळखला जातो. आणि कोणाच्या आईने चिंचोके भाजून त्यांना मीठ-तिखट लावले असेल तर ती सबंध महिनाभर अजिंक्य राहते. गाण्याचीही गोष्ट तीच. भुलाबाईच्या गाण्यांना तीन-चार स्वरांपलीकडे जावे लागत नाही, चाल सर्वांची एकच असते, फेरात कोणाचा आवाज कोठला हे वेगळे काढता येत नाही, आणि ऐकण्यासाठी म्हणून तेथे कोणी बसलेलेच नसते. सासर-माहेरचे, रुसव्या-फुगव्याचे, सासू-नणंदांचे जे बोलणे एकटीने मोठ्याने करण्याची त्या काळी सोय नव्हती ते येथे वीस जणींच्या तोंडून निर्वेधपणे होत असे.

माझे म्हणणे या दोन उदाहरणांतच सामावलेले आहे. घरी माणसे जमवून गाणे आणि जेवण करावयाचे असेल तर त्या समारंभात काही तरी अशी युक्ती असावी लागते की जी निपुणाला थोडी खाली आणील आणि संकोची माणसाला थोडे वर उचलील; ती नसली की गाण्याची मैफल होते आणि जेवणाची मेजवानी होते, आणि मैफल व मेजवानी या दोन्ही ठिकाणी बहुसंख्य माणसे केवळ पाहुणे राहतात.

विदर्भाला ही युक्ती आणखी एका रूपात ठाऊक आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हाती धरलेली खंजेरी हे वाद्य म्हणून किती अल्प आहे! हाताच्या पंजाएवढी लाकडाची कडी, तिच्यावर ताणलेले चामडे, कडीत बसवलेल्या पितळी चकत्या. तिच्यात राग नाही, स्वरांची सप्तके नाहीत. परंतु ती खांद्यावरच्या झोळीत मावते, शेतावरून आलेला मनुष्य ती चार दिवसांत हाती धरू शकतो, आणि दहा जणांचा ठेका एकत्र बांधण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. मोझरीच्या गुरुकुंजापासून तो विदर्भाच्या गावागावांतील भजनी मंडळांपर्यंत ती पसरली. १९४२ च्या आंदोलनात महाराज नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत होते, १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेस गेले, आणि दोन्हीकडे त्यांची ओळख खंजेरीनेच राहिली. त्यांच्या भजनापेक्षाही त्यांनी रुजवलेली सामुदायिक प्रार्थना मला अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात सर्वांनी एका वेळी म्हणावयाचे असते आणि सर्व जातींनी एका सतरंजीवर बसावयाचे असते. या शहरातील विद्यापीठास आज त्यांचे नाव आहे. ते नाव घेणाऱ्या किती पदवीधरांनी खंजेरीवर एकदा तरी थाप दिली असेल?

आता त्या वाद्याविषयी, ज्याच्यामुळे हा सगळा विचार माझ्या मनात पुन्हा उसळून आला. आमच्या पुतणीने युकुलेले आणले तेव्हा घरात त्याचे स्वागत खेळण्याच्या भावनेनेच झाले. गिटारीचे धाकटे भावंड असावे असे ते दिसते, नायलॉनच्या चार तारा, वजन एखाद्या पुस्तकाइतके. त्याची कुळकथा मात्र खेळण्याची नाही. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज पोर्तुगालच्या अमलाखालील मदेरा बेटावरून हवाईतील होनोलुलु बंदरी पोहोचले; त्यात उसाच्या मळ्यांवर मजुरीच्या कराराने आलेली शेकडो माणसे होती, आणि त्यांच्यातच लाकडी सामान घडवणारे न्यूनेस, दियास आणि एस्पिरितो सांतो हे तीन कारागीरही होते. मळ्याची मुदत संपल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकाने थाटली आणि आपल्या बेटावरच्या लहान तंतुवाद्यास तेथल्या लाकडात नवा आकार दिला. राजा कलाकौआ याने ते दरबारी नृत्यगायनात घेतले, म्हणून मजुरांचे वाद्य अल्पावधीत त्या बेटांचे राष्ट्रीय वाद्य बनले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर ते अमेरिकेत घरोघर गेले. आणि १९६७ च्या सुमारास कॅनडातील हॅलिफॅक्स शहरी चामर्स डोन नावाच्या संगीतशिक्षकाने शाळांतील मुलांना संगीत शिकवण्यासाठी म्हणून मुद्दाम याच वाद्याची निवड केली, कारण ते स्वस्त होते, मुलांच्या हातात बसत होते आणि वाजवताना गाण्यासाठी तोंड मोकळे राहत होते.

हे शेवटचे कारण मला निर्णायक वाटते. बासरी वाजवणारा गाऊ शकत नाही, आणि सतार हाती धरणाऱ्यास गाणे सुचण्याआधी काही वर्षे जावी लागतात. युकुलेले मात्र पहिल्या आठवड्यातच माणसाला गावयास लावते. त्याच्या चार तारांत एक गमतीची रचना आहे ती जवळून पाहण्याजोगी आहे: छातीशी धरले असता सर्वांत वरची तार खर्जाची असावी अशी आपली अपेक्षा असते, परंतु ती उलट चढ्या स्वरात लावलेली असते, आणि त्यामुळे अंगठा वरून खाली फिरवला की स्वर पायऱ्यांनी उतरत-चढत न जाता एका झुबक्यात कानी येतात. सी, ए मायनर, एफ आणि जी सेव्हन एवढे चार स्वरमेळ, म्हणजे ज्यांना मुले ‘कॉर्ड’ म्हणतात ते, बोटांखाली आले की शेकडो साधी गाणी त्यांच्या आधाराने म्हणता येतात. पैकी पहिल्यासाठी केवळ अनामिका एका तारेवर दाबावी लागते. नाद लवकर विरतो, मींड त्याच्यावर निघत नाही, आणि तानेचे सामर्थ्य दाखवण्यास त्याच्यात वाव अत्यल्प आहे. म्हणून जाणकार त्याला उणे लेखतात. मला या त्याच्या उणिवाच त्याचे भूषण वाटतात, कारण ज्या वाद्यावर पांडित्य मिरवता येत नाही ते वाद्य घेऊन बसलेल्या माणसाभोवती इतरांना गाण्याचे भय वाटत नाही.

हे वाद्य परकीय आहे, आपल्या स्वरविचाराशी त्याचा मेळ नाही, असा आक्षेप माझ्या एका शास्त्रीय गायक स्नेह्यांनी घेतला, आणि तो मी हलका मानत नाही. परंतु याच आशयाचा आक्षेप हार्मोनियमवर किती निष्ठुरपणे घेतला गेला होता! युरोपात जन्मलेली ही पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून एका हाताने भाता चालवता येईल अशी केली आणि ती नाट्यसंगीतापासून वारकऱ्यांच्या भजनापर्यंत सर्वत्र शिरली; तिच्या स्वरांना श्रुती नाहीत आणि मींड नाही या कारणाने १९४० साली नभोवाणीवर तिला मज्जाव झाला आणि तो हुकूम १९७१ पर्यंत अमलात राहिला. एवढ्या अवधीत महाराष्ट्रातील एकाही देवळातून पेटी बाहेर गेली नाही. सरकारी फर्मानाचे कारण शास्त्रदृष्ट्या खोटे नव्हते. परंतु समुदायाच्या गाण्याची गरज वेगळी असते हे त्यास उमगले नव्हते. रागाची उपासना जेथे चालते तेथे तानपुराच हवा, आणि शेजारच्या पंधरा माणसांना एकत्र गावयाचे असेल तेथे काय हवे हा प्रश्न अगदी निराळा आहे. दोन्हींची गल्लत करून आपण दोन्हींचे नुकसान करतो.

कोजागिरीस आमच्या इमारतीच्या गच्चीवर आटवलेले दूध आणि नंतर पांगणारी माणसे एवढाच कार्यक्रम अनेक वर्षे चालत आला होता. पुतणीने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी त्याला नवे वळण देण्याची तजवीज केली, तेव्हा तिने दोन अटी घातल्या. गाण्यास एक विषय असावा, आणि जेवण कोणा एकाने करू नये, प्रत्येकाने आपापल्या घरून एक पदार्थ आणावा. विषय ठरला प्रवास. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की गाणी वाटेवरची असतील तर खाणेही वाटेवरचे असावे, आणि त्याप्रमाणे दोन दिवस टिकेल, हातावर घेऊन खाता येईल अशी शिदोरीच आणावयाची असा निर्णय झाला.

त्या एका निर्णयाने समारंभाचे स्वरूप किती पालटले ते मी समक्ष पाहिले. नुसते ‘काही तरी करून आणा’ म्हटले असते तर प्रत्येक घरात आपली प्रतिष्ठा पणास लागली असती. शिदोरी म्हटल्यावर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा चिवडा अशा गोष्टी आल्या, आणि त्यांत कोणाचे मोठेपण आणि कोणाचे लहानपण दिसण्यास जागाच नव्हती. तळमजल्यावरच्या तेलुगू कुटुंबाने चिंचभात आणला आणि रेल्वेने हैदराबादेस जाताना तो केळीच्या पानात कसा बांधत ते त्या घरच्या आजीबाईंनी मोडक्या मराठीत सांगितले. सांबारवडी ही काही शिदोरीतली वस्तू नव्हे, परंतु ती आल्यावर तिला नामंजूर करण्याचे धैर्य कोणातही नव्हते.

आणि गाणी. विषय दिला की निवड करावी लागते, निवड करताना मनुष्य आपल्या आवाजाचा विचार विसरून आपल्या आठवणीचा विचार करू लागतो, आणि गाण्याचे भय तेथेच अर्धे ओसरते. नागपूर हे देशाच्या चारी दिशांच्या लोहमार्गांचे ठाणे. प्रवासाची आठवण नाही असा मनुष्य या शहरात विरळा. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना मी जिन्यात नमस्कारापलीकडे बोलताना ऐकले नव्हते, त्यांनी बिलासपूरकडे ड्यूटीवर असताना कानी पडलेले एक छत्तीसगढी गाणे म्हटले. त्यांचा सूर दोन ठिकाणी सुटला, युकुलेलेवाल्या मुलांनी ठेका थांबवून त्यांना सावरून घेतले, आणि ध्रुवपद येताच सबंध गच्चीने ते उचलले. आमच्या समोरच्या वहिनींनी त्यांच्या आईने पंढरीच्या वाटेवर म्हटलेल्या ओव्या म्हटल्या. त्या ओव्यांना कॉर्डची साथ जमेना, म्हणून मुलांनी वाद्ये मांडीवर पालथी घालून लाकडावर बोटांनी नुसता ताल धरला, आणि त्या पालथ्या वाद्यांतून जो खंजेरीसारखा बद्द ठोका उमटला तो त्या रात्री मी ऐकलेला सर्वांत योग्य नाद होता.

जेवणाच्या वाटणीविषयी जरा विस्ताराने लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण आपल्या समाजात ‘प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणावा’ हे वाक्य जितके निरुपद्रवी दिसते तितके ते कधीच नव्हते. गाणे कोणाच्याही तोंडून ऐकावयास आपली हरकत नव्हती. अन्न कोणाच्या हातचे घ्यावे यावर मात्र शतकानुशतके जातीची सगळी इमारत उभी होती. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग प्रभृतींनी परमहंस सभा स्थापिली तेव्हा सभासदाच्या निष्ठेची कसोटी म्हणून त्यास परजातीच्या हातचा पाव खावा लागे, आणि ही गोष्ट इतकी भयंकर मानली जाई की सभेचा सारा कारभार गुप्तपणे चालवावा लागला. पुढे सभासदांची यादी फुटली आणि सभा मोडली. त्यानंतर जवळपास शतकाने समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचा प्रसाद असलेले सत्यनारायण घातले आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या दांपत्यांस पूजेच्या पाटावर बसवले, तेव्हाही तो चर्चेचा आणि निंदेचा विषय झालाच. आपल्या संतांनी गोपाळकाल्याची कल्पना दिली होती, सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून सर्वांनी खाव्या असा तिचा सरळ अर्थ आहे. परंतु कीर्तनाच्या अखेरीस मुखात पडणारा काला आणि घरच्या ओट्यावरचे शेजाऱ्याचे ताट यांच्यामध्ये आपण मोठ्या चतुराईने भिंत राखली.

आणि हे नागपूर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या भूमीवर आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी विजयादशमीस देशभरातून जनसागर लोटतो, रस्तोरस्ती भोजनदानाचे मांडव पडतात, रात्रभर भीमगीते चालतात. आणि अवघ्या पाचव्या दिवशी कोजागिरी येते. त्या पाच दिवसांच्या अंतराने दोन समारंभ होतात, दोहोंत गाणे आहे, दोहोंत अन्न आहे, आणि या शहरातील कितीतरी घरे अशी आहेत की ज्यांनी पहिल्या समारंभातील एका घासाची चव कधी घेतलेली नाही. गच्चीवरच्या सामाईक ताटात जेव्हा सगळ्या मजल्यांवरचे डबे उघडले जातात आणि कोणता पदार्थ कोणाकडचा हे विचारण्याआधीच तो खाल्ला जातो, तेव्हा परमहंस सभेच्या त्या गुप्त पावाचे काम उघड्यावर चाललेले असते. ते अजून सर्वत्र चालत नाही. ‘आमचे आम्ही आणू’ म्हणून स्वतःचा डबा स्वतःच खाणारी माणसे असतात, आणि त्यांच्यावर सक्ती करण्याच्या मी विरुद्ध आहे. परंतु त्यांनाही फेरात बसवावे, कारण गाण्याने जेथे सुरुवात होते तेथे पुढल्या वर्षी अन्नाची पाळी येण्याची आशा असते.

सामिषाचा प्रश्न राहतो. सावजीच्या रश्श्याशिवाय ज्यांना सण वाटत नाही आणि त्याच्या वासानेही ज्यांना जेवण जात नाही, अशी दोन्ही माणसे या शहरात एका जिन्यावर राहतात. दोन वेगळी टेबले मांडावी, दोन्हींवर झाकणे असावी, कशात काय आहे ते आणणाऱ्याने तोंडाने सांगावे, आणि एक टेबल कोपऱ्यात ढकलून त्याची मानखंडना करू नये. एवढ्याने हा प्रश्न व्यवहारात सुटतो.

याहून अधिक गंभीर गोष्ट स्त्रियांच्या श्रमांची आहे. जुन्या काळच्या मनमोकळ्या आदरातिथ्याचे आपण गोडवे गातो तेव्हा तीस पानांची पंगत उठेपर्यंत चुलीपुढून न हललेली बाई आपल्या डोळ्यांपुढे नसते. गाण्याची बैठक दिवाणखान्यात रंगत असे आणि तिच्या कानी पडे तो फोडणीच्या आवाजातून गळून आलेला एखादा सूर. वडाभात आणि गोळाभात हे आमच्याकडचे पदार्थ अत्यंत रुचकर खरे, परंतु ते आयत्या वेळी गरम लागतात आणि म्हणून करणारीला अखेरपर्यंत बांधून ठेवतात. घरोघरचा एकेक डबा आला की यजमानीण बाई मोकळी होते, आणि त्या रात्री ती गाते. मात्र एक सावधगिरी हवी: डबा भरून आणण्याचे काम पुन्हा प्रत्येक घरातील बाईच्याच माथी पडले तर एकीचा भार पंधराजणींत वाटला गेला एवढेच होईल. आमच्याकडे मुलांनी असे ठरवून घेतले की ज्याला गावयाचे आहे त्यानेच पदार्थ करावा. त्यामुळे दोन-तीन घरांतील पुरुषांनी प्रथमच कणीक भिजवली, आणि त्यांच्या दशम्या जाड होत्या तरी संपल्या.

आता अशा समारंभांवरील मुख्य संकटाचा उल्लेख करून विषय पुरा करतो. ते संकट चित्रीकरणाचे आहे. कोणी गाऊ लागला की चार हात मोबाइल उंचावतात, आणि उंचावताच तेथे न दिसणारा श्रोतृवर्ग येऊन बसतो, गाणारा आपल्या आवाजाकडे परत पाहू लागतो, आणि भुलाबाईच्या फेराने जे शतकानुशतके टाळले होते ते एका क्षणात परत येते. गाणे चालू असताना चित्रण करू नये ही अट विषयाच्या आणि शिदोरीच्या अटीइतकीच कडक असावी. मुलांना ती प्रथम जाचक वाटली. पुढे त्यांनीच ती इतरांस सांगावयास सुरुवात केली.

जागेची अडचण मात्र खरी आहे. महालातील वाड्यांना चौक होते, जुन्या धंतोलीच्या बंगल्यांना व्हरांडे आणि अंगणे होती. आजच्या सदनिकेच्या दिवाणखान्यात दहा माणसे बसली की अकराव्यास दार उघडता येत नाही. उरते ती गच्ची, आणि बहुतेक गृहनिर्माण संस्थांत गच्चीला कुलूप असते व किल्ली चिटणिसांच्या कपाटात. कुलपाची कारणे मी ऐकली आहेत: पाण्याच्या टाक्या, गळती, मुलांची सुरक्षितता, रात्रीचा गोंगाट. पहिल्या तिन्हींचा बंदोबस्त होऊ शकतो. चौथ्याविषयी एवढेच सांगतो की रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास बंदी घालणारे २००० सालचे नियम मला पूर्णतः मान्य आहेत, आणि युकुलेले, टिपऱ्या किंवा खंजेरी यांना ध्वनिक्षेपक लागतच नाही. दहानंतर आवाज खाली आणण्याची हमी लेखी देता येते. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, आणि कोजागिरी बहुधा त्यानंतरच्या महिन्यात येते. म्हणून या वर्षी ज्यांच्या इमारतीस गच्ची आहे त्यांनी सभेपुढे एक साधा ठराव मांडावा: आश्विनी पौर्णिमेस रात्री गच्ची सर्व सभासदांस व भाडेकरूंस खुली राहील, संस्था त्याबद्दल शुल्क घेणार नाही, केटरर बोलावला जाणार नाही, आणि गच्ची झाडून किल्ली परत करण्याची जिम्मेदारी गाणाऱ्यांची राहील. भाडेकरूंचा उल्लेख त्यात आवर्जून असावा; कारण नागपुरात नोकरीसाठी आलेल्या आणि येथे कोणाच्याही भुलाबाईला कधी न बोलावल्या गेलेल्या मुली बहुधा भाड्याच्याच घरात राहतात.